सुगंधाचे फ्री थ्रो आणि माझी पाठ

वाशीला जाऊन आले म्हटलं की आमच्या आळीतल्या बायका विचारतात, "तिथला देव कुठला?" देव नाही, ऐतिहासिक किल्ला नाही, थंड हवा तर नाहीच नाही. नवं शहर वसवायला घेतलंय, त्याच्या अर्ध्या बांधलेल्या इमारती आहेत, वारा आहे आणि भरदुपारी चावणारे डास आहेत. मी तिथं कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉलची मॅच बघायला गेले होते. यावर बायका माझ्यासमोर गप्प बसतात आणि घरी जाऊन बोलतात.

त्यांचंही चुकत नाही. वाईसारख्या गावात पन्नाशीला आलेल्या बाईला हा नाद कुठून लागला, हे आधी सांगायला हवं. आमच्या घराची मागची गॅलरी कॉलेजच्या मैदानावर उघडते. तिथं सिमेंटचं बास्केटबॉलचं मैदान झालं तेव्हा धूळ उडते म्हणून तक्रार करायला मीच गेले होते. मग पापड राखायला उभी राहिले आणि एक दिवस लक्षात आलं की पापड कावळ्यांनी नेले तरी मी तिथंच आहे. तेव्हापासून रोज संध्याकाळी तांदळाचं ताट घेऊन मी गॅलरीत. भातात खडा लागला की आमचे हे विचारतात, "आज कोण हरलं?"

मला बसून बघता येत नाही. उभी राहते, येरझाऱ्या घालते, कठडा धरून ओरडते. मुली मला 'गॅलरीतल्या काकू' म्हणतात. फ्री थ्रो मात्र मी बघत नाही. फाउल झाला की ज्या मुलीला धक्का लागला तिला रिंगसमोर एकटीला उभं करतात. कुणी आडवं येत नाही, सगळं मैदान श्वास रोखून तिच्याकडे बघतं आणि ती बॉल टाकते. इतकी निर्दय पद्धत कुणी काढली देव जाणे. माझ्यानं ते बघवत नाही, मी स्वयंपाकघरात जाते आणि तिथून कान देऊन ऐकते. आमच्या रिंगची जाळी पोरांनी लोंबकळून कधीच तोडली आहे. त्यामुळे बॉल नीट गेला तर आवाज येत नाही. लोखंडाला लागला तर 'टण्ण' असा आवाज येतो.

हे सुगंधाच्या ध्यानात आलं. सुगंधा म्हात्रे ही आमच्या टीमची कॅप्टन. एकदा दूध उतू जाईल म्हणून मी आधीच आत होते आणि नेमकी तिच्या फ्री थ्रोच्या वेळी बाहेर आले. दोन्ही चुकले. तेव्हापासून ती बॉल हातात घेतला की आधी वर गॅलरीकडे बघते. मी आत गेले की मगच टाकते. देसाई सर, म्हणजे त्यांचे खेळाचे शिक्षक, याला अंधश्रद्धा म्हणतात. पण मॅच अटीतटीची असली की खालून तेच हाक मारतात, "काकू, आत!"

या सुगंधाचं गाव वाशीजवळचं, जुई गावाच्या अलीकडे, खाडीकाठी. मामा वाईच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक. तिच्या गावाजवळ तेव्हा कॉलेज नव्हतं म्हणून तिला मामाकडे ठेवलेली. आता वाशीतच कॉलेज निघालं होतं आणि त्यांनी मुलींच्या स्पर्धा भरवल्या होत्या. मुलींबरोबर एक बाई लागते. नेहमीच्या प्राध्यापिकाबाईंच्या लेकीचं बाळंतपण आलं, तेव्हा देसाई सर जिन्यानं वर आले.

"काकू, मॅनेजर म्हणून येता का?"

मी हो म्हणायच्या आधीच आमच्या ह्यांनी हो म्हटलं. चार दिवस घरात शांतता मिळेल असा त्यांचा हिशेब असावा.

जाताना जिन्यात सर हळूच म्हणाले, "एक गोष्ट आहे. तिथल्या कॉलेजचे लोक सुगंधाच्या वडिलांना भेटून आलेत. पोरीला इकडेच घाला म्हणतात. वडिलांचं मन वळतंय."

झालं. सुगंधाची अजून दोन वर्षं खेळायची होती. आणि ती दोन्ही माझी होती, निदान मी तसं धरून चालले होते.

गुरुवार : एकसारख्या इमारती

एस.टी.चा प्रवास एस.टी.सारखाच झाला, तो वगळते. वाशीला उतरलो तेव्हा दुपार होती आणि वाऱ्यानं माझा पदर खांद्यावर राहीना. रस्ते एवढे रुंद की दोन पालख्या समोरासमोर येऊन वळतील, आणि रस्त्यावर माणूस नाही. खाडीचा वास, त्यात कारखान्यांकडून येणारा औषधासारखा वास. आमच्याकडे कृष्णेच्या घाटावर उभं राहिलं की गाव तुमच्याकडे बघतं. इथं कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. बघायला खिडक्यांत माणसंच नव्हती.

उतरायची सोय रिकाम्या फ्लॅटमध्ये केली होती. अजून कुणी राहायला न आलेले फ्लॅट, भिंतींना चुन्याचा वास, नळाला सकाळी तासभर पाणी. मुलींनी वळकट्या टाकल्या आणि मी दोन मिनिटांत बाहेर पडले, कारण रिकाम्या खोलीत मला भिंती मोजत बसावंसं वाटतं. कोपऱ्यावरच्या एकुलत्या एका दुकानातून साखर-चहा घेतला, परत आले, दुसऱ्या मजल्यावर चढले, उघड्या दारातून आत गेले आणि टीममधल्या उषाला हाक मारली, "उषे, स्टोव्ह पेटव!"

आत एक अनोळखी बाई भाजी चिरत होती.

ती दचकली नाही. म्हणाली, "बसा. कुठली बिल्डिंग शोधताय?"

मी माफी मागायला लागले तर ती हसली. "अहो, टेन्शन नका घेऊ. रोज कोणतरी येतं. आमचे मिस्टर स्वतः दोनदा पलीकडच्या बिल्डिंगमध्ये जाऊन बूट काढून बसले होते. म्हणून बघा ना, मी गॅलरीत लाल बादली टांगलीय. मुलांना सांगितलंय, लाल बादली दिसली की आपलं घर."

ती गिरगावातून आली होती. आल्याला सहा महिने झाले, म्हणाली, बोलायला माणूस नाही. माझ्या हातातली साखर तिनं बाजूला ठेवायला लावली आणि तिच्या साखरेचा चहा केला. बोलताना ती सारखी दाराकडे बघायची, आणखी कुणी चुकून येतंय का म्हणून. मला आमच्या आळीतल्या भोचक बायकांची आयुष्यात पहिल्यांदा आठवण आली. आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत मग उषानं टीमची निळी बनियन टांगली.

शुक्रवार : खाली बसून बघताना

सकाळी पहिला सामना. मी रुबाबात मॅनेजरच्या खुर्चीवर बसले आणि पाच मिनिटांत कळलं की मला यातलं काहीच कळत नाही.

चार वर्षं मी हा खेळ वरून पाहिला होता. वरून तो रांगोळीसारखा दिसतो. कोण कुठं रिकामं आहे, पास कुठं जायला हवा, सगळं स्वच्छ. खालून बघितलं तर नुसत्या पाठी आणि कोपर. धापा ऐकू येतात, बूट करकरतात, आमची उषा, जी वाईत मान खाली घालून प्रसाद घेते, ती रिबाउंडला उडी मारताना समोरच्या मुलीला काय काय बोलत होती ते मी इथं लिहू शकत नाही. रिंगला लागून परत येणारा बॉल पकडायचा म्हणजे किती कोपरं बरगडीत घ्यायची, हे गॅलरीतून कधी दिसलंच नव्हतं.

आणि सुगंधा. आमची सुगंधा दिसायला बुटकी, पायाने जड. पण बॉल हातात आला की एक पाय खिळल्यासारखा जमिनीवर ठेवते, बाकीचं अंग कमरेतून असं गर्रकन फिरवते की अंगावर आलेली मुलगी तिसरीकडेच जाते. मग मनगटं उघडतात आणि बॉल सुटतो. ही गिरकी देसाई सरांनी शिकवली असं आम्ही सगळे अभिमानानं सांगत असू. सरही नाही म्हणत नसत.

मध्यंतरापूर्वी सुगंधाला फाउल मिळाला. तिनं बॉल घेतला आणि सवयीनं वर बघितलं. वर आभाळ. मग तिनं शोधत शोधत माझ्याकडे बघितलं. मी उठले आणि निघाले. पंचांनी शिट्टी मारली.

"मॅडम, बेंचवरून उठायचं नाही. परत उठलात तर तुमच्या टीमवर फाउल."

"अहो, पण मी उठले नाही तर तिचा जाणार नाही!"

पंच देसाई सरांकडे बघत राहिले. सर बुटाची नाडी बांधायला लागले. शेवटी मी खुर्चीच उचलून उलटी फिरवली आणि मैदानाकडे पाठ करून बसले. त्याला नियम नव्हता.

मागून 'सर्र' असा आवाज आला. आवाज आला म्हणजे चुकला, मी कपाळाला हात लावला. तर आमच्या मुली टाळ्या वाजवत होत्या. इथल्या रिंगला कोरी करकरीत जाळी होती, बॉल नीट गेला की ती वाजायची. म्हणजे माझे डोळे तर कामाचे नव्हतेच, आता कानही गेले.

आम्ही तो सामना जिंकलो, संध्याकाळचाही जिंकलो. रविवारी शेवटचा सामना यजमान कॉलेजशीच होता. मुली नाचल्या. मी मात्र मैदानाच्या कडेनं चकरा मारत राहिले, कारण मला समोरच्या खुर्च्यांवर यजमानांचे सर दिसत होते आणि ते सुगंधाचा प्रत्येक बॉल माझ्याइतक्याच हावरेपणानं बघत होते.

शनिवार : खाडीकडे

शनिवारी सामने नव्हते. सुगंधाचे वडील ट्रक घेऊन आले. काशिनाथ म्हात्रे, रुंद छाती, पांढरा शर्ट, हातात घड्याळ. शेत नव्या शहरात गेलं आणि ट्रक आला, असं त्यांनी स्वतःच सांगितलं, हवापाण्याबद्दल सांगावं तसं. आता ते इमारतींना रेती-खडी पुरवतात. "या सगल्या बिल्डिंगी हायत ना, त्यांच्या पोटात माजी रेती हाय," म्हणाले. आम्हाला सगळ्यांना ट्रकमध्ये घालून ते जेवायला गावी घेऊन गेले. मला पुढं बसवलं.

रस्ताभर मी मनात भाषण जुळवत होते. शिक्षण मध्येच मोडू नये, टीम म्हणजे कुटुंब, वाईची हवा चांगली, असे तीन मुद्दे. तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "ती खेलते म्हंजे नक्की काय करते ओ बाय?"

"तुम्ही पाहिली नाही कधी?"

"नाय. वाई लांब. धंदा सोडून कसा येनार? मामा सांगतो, बरी खेलते."

मला राग आला. चार वर्षं पोरगी एवढी खेळते आणि बापाला माहीत नाही! माझे तीन मुद्दे त्या रागात विसरले.

गाव म्हणजे चिकटून बसलेली घरं आणि दारादारांत नवी सिमेंटची पोती. सुगंधाच्या आई, हिराबाई, काष्टी लुगडं, डोक्यात अबोलीचा गजरा, दारातच उभ्या होत्या. त्यांनी लेकीला जवळ घेतलं नाही, फक्त दंड दाबून बघितला आणि म्हणाल्या, "वालली." मग तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या, मुलींना माशाचं लाल कालवण, आणि मी खात नाही म्हणून माझ्यासाठी वालाच्या शेंगांची वेगळी पोपटी. मडक्यात पाल्यात शेंगा-बटाटे भरून, मडकं पालथं घालून वरून जाळ करतात. आमच्या हुरड्याची ही खाडीकडची बहीण म्हणायची. आमच्याकडे पाहुण्याला 'आणखी वाढू का' असं विचारतात. इथं विचारत नाहीत, वाढतात. उषा सातव्या भाकरीला रडकुंडीला आली.

"उद्या मॅच आहे हो," मी म्हटलं.

"मंग ताकद नको?" हिराबाई म्हणाल्या आणि मलाही वाढलं.

जेवण पचवायला आम्ही खाडीवर गेलो. भरती चढत होती. एका बाजूला मिठागरांचे चौकोन उन्हात चमकत होते. मुलींनी हट्ट धरला म्हणून म्हात्र्यांनी शर्ट काढून ठेवला आणि पाग घेतला. पाग म्हणजे फेकून टाकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या. ते गुडघाभर चिखलात उतरले. एक पाय चिखलात खिळवला, कमरेतून सगळं अंग मागं नेलं, गर्रकन फिरले आणि मनगटं उघडली. जाळं आभाळात गोल उमललं आणि पाण्यावर पडलं.

मी देसाई सरांकडे बघितलं. सर माझ्याकडे बघत नव्हते.

तीच गिरकी होती. तोच पाय, तीच कंबर, तीच मनगटं. आम्ही जिला घडवली म्हणून मिरवत होतो ती वाईत येण्याआधीच घडून आली होती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आपल्या घरचा म्हणून कौतुकानं दाखवलेला दागिना दुसऱ्याच्या नावाचा निघावा तसं झालं.

अस्वस्थ होऊन मी वळले तर हिराबाई खाडीकडे पाठ करून उभ्या. सगळे जाळ्याकडे बघतायत आणि या गावाकडे तोंड करून.

"तुम्ही नाही बघत?" मी विचारलं.

"मी बगत नाय. मी बगलं का पाग रिकामा येतो. लगीन झाल्यापासून हाय ह्यो." त्यांनी जराही न लाजता सांगितलं. "तो फेकाला लागला का मी फिरते."

मागून मुलींचा ओरडा झाला. पागात बोय मासे उड्या मारत होते. हिराबाई तेव्हा वळल्या आणि टोपली घेऊन पुढं गेल्या. मी त्यांना माझी गोष्ट सांगितली नाही.

परत जाताना म्हात्रे म्हणाले, "उद्या येतो मॅचला. त्या कॉलेजच्या सरांनी खुर्ची ठेवलीय म्हनले. मंग काय तो फैसला करू."

रविवार : पाठ

रविवारी सगळं गाव ट्रकनं आलं. बायका आमच्या बेंचच्या मागंच ताडपत्रीवर बसल्या, कारण सावली तिकडे होती. पुरुष समोर, यजमानांच्या बाजूला. म्हात्र्यांना पहिल्या रांगेत खुर्ची आणि हातात सरबत. कुणाच्या बाजूनं ओरडायचं हे गावाला ठरवता येत नव्हतं. पोरगी गावची, कॉलेज गावच्या जमिनीवरचं. त्यामुळे दोन्हीकडे बॉल गेला की टाळ्या.

आमच्या मुलींच्या पोटात अजून कालच्या भाकऱ्या होत्या. पहिल्या वीस मिनिटांत त्या अशा पळत होत्या की मी गॅलरीत असते तर कठडा उपटला असता. खुर्चीत मी एवढी चुळबुळ केली की तिची एक पट्टी तुटली. यजमानांची सात नंबरची काटकुळी मुलगी सुगंधाला सावलीसारखी चिकटली होती. मध्यंतराला आम्ही बरेच मागं होतो.

दुसऱ्या डावात उषानं कोपरं काढली. सुगंधा दोनदा, तीनदा फिरली आणि दोन, चार, सहा पॉइंट भरून निघाले. आणि मी समोर पाहिलं तर म्हात्रे खुर्चीत नव्हते. सरबताचा ग्लास खाली कलंडलेला. ते मैदानाच्या कडेनं, बॉल जाईल तिकडे, घड्याळाच्या हातानं हवा कापत चालत होते. यजमानांचे सर त्यांच्या मागं मागं जाऊन काहीतरी सांगत होते, तर म्हात्र्यांनी त्यांना हातानं बाजूला केलं, डोळ्यांसमोरची माशी हाकलावी तसं.

"सुगंदा! डावीकडं! डावीकडं मोकला हाय!" ते ओरडले.

डावीकडे मोकळं होतं. गेली चार वर्षं मी गॅलरीतून हेच ओरडत आले आहे. ही पोरगी डावीकडून जातच नाही. मला हसू आलं आणि लगेच ओसरलं. कारण हे चालणं मला ओळखीचं होतं. या माणसाला आता खुर्चीत बसता येणार नव्हतं, कधीच.

शेवटच्या क्षणी आम्ही एका पॉइंटनं मागं होतो. सुगंधा वडिलांचं ऐकून डावीकडून गेली. सात नंबरनं तिला पाडलं, शिट्टी झाली आणि वेळही संपली. फक्त दोन फ्री थ्रो उरले. बाकी सगळ्यांना बाजूला केलं. सुगंधा एकटी.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी तुटकी खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसले.

माझ्यासमोर ताडपत्रीवर गावातल्या सगळ्या बायका. सगळ्यांच्या नजरा माझ्या डोक्यावरून पलीकडे रिंगवर. फक्त एक डोळ्यांची जोडी सरळ माझ्यावर होती. हिराबाई. त्या मैदानाकडे बघत नव्हत्या, आणि बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांना माझी उलटी खुर्ची दिसली. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"तुमी पन?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

मागं 'सर्र' झालं. गाव ओरडलं. बरोबरी.

हिराबाईंनी पुढं सरकून माझं मनगट धरलं. बांगड्या रुतल्या. दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे असं बघितलं की जणू तिथं स्कोअर लिहिलाय.

'टण्ण.'

लोखंड. माझे डोळे मिटले. पण कुणी हळहळलं नाही, कुणी ओरडलंही नाही. गाव तोंड उघडं ठेवून तसंच वर बघत होतं. बॉल रिंगवर फिरत होता म्हणे. आम्हाला काय कळणार?

"गेला?" हिराबाईंनी विचारलं.

"मला काय माहीत! तुम्ही बघा."

"मी नाय बगनार. तू बग."

"मी कशी बघू!"

आणि मग ते 'सर्र' झालं, आणि मग जो गोंधळ झाला त्यात माझी खुर्ची कायमची मोडली. आम्ही जिंकलो. उषानं मला उचललं, हे कुणाला खोटं वाटेल तर वाटो.

गर्दी ओसरल्यावर म्हात्रे आले. घाम, बसलेला घसा, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. यजमानांचे सर लांब उभे होते, त्यांच्याशी ते बोललेही नाहीत. माझ्यासमोर उभे राहिले.

"तुमी रोज बगता हिला?"

माझे तीन मुद्दे आता मला पाठ होते. शिक्षण, कुटुंब, हवा. मी म्हटलं, "रोज. संध्याकाळी. गॅलरीतून."

"रोज," ते म्हणाले. एवढंच. पण तो शब्द त्यांनी असा म्हटला, जसं उपाशी माणसानं दुसऱ्याचं ताट बघावं. पहिला मुद्दा माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला. चार वर्षं हे ताट माझ्यासमोर होतं, आणि पाग फेकायचं ज्यानं शिकवलं तो आज पहिल्यांदा जेवला होता.

सुगंधानं बॉल काखेत धरून वडिलांकडे बघितलं, मग सरांकडे, मग माझ्याकडे. म्हणाली, "परीक्षा वाईत देते. जूनपासून इथं येते." मग हळूच, "काकू, रागावलात?"

"हो," मी म्हटलं. "खूप."

ती माझ्या गळ्यात पडली आणि तिच्या घामानं माझी चांगली साडी खराब झाली.

निघताना मी हिराबाईंना बाजूला घेतलं. लेक सासरी देताना तिच्या आवडीनिवडी सांगतात तसं सगळं सांगितलं. "तिला बॉल दिला की ती आधी तुमच्याकडे बघेल. तिनं बघितल्याशिवाय वळायचं नाही. वळलात की मग परत बघायचं नाही, कितीही मोह झाला तरी. इथं जाळी आहे, 'सर्र' झालं की गेला. लोखंडाचा आवाज आला तरी लगेच घाबरायचं नाही."

हिराबाई औषधाचे डोस ऐकावेत तशा ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आनि तवर तितं तुमी हायत ना?"

"आहे."

"मंग बरा," त्या म्हणाल्या आणि भाकऱ्यांचं गाठोडं माझ्या हातात ठेवलं.

येऊन आठवडा झाला. आमचे हे म्हणतात भातात खडे वाढलेत. परीक्षा एप्रिलमध्ये आहे. काल संध्याकाळी सरावात उषानं सुगंधाला पाडलं. सुगंधा उठली, बॉल घेतला आणि वर बघितलं. मी ताट कठड्यावर ठेवून आत गेले आणि भिंतीला टेकून ऐकत उभी राहिले. काही आवाज आला नाही.